३६ व्या वर्षी डिझायनिंग सोडून आयपी (बौद्धिक संपदा) वकील व्हायचं डोक्यात आलंय, वेडेपणा आहे का?

रेषावेडी_ऐरोली

नमस्कार मंडळी, इतके दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी ऐरोलीला राहते. अप्लाइड आर्टमध्ये बीएफए, आधी लोअर परेलला एका एजन्सीत होते, मुलगी झाल्यावर घरूनच फ्रीलान्स. पॅकेजिंग, लेबलं, अधूनमधून मुलांच्या पुस्तकांची चित्रं. काम बरं चाललंय, हे आधीच सांगून टाकते कारण घरी सगळे हेच विचारतायत की तुला कमी काय पडलंय.

झालं असं की एका मसालेवाल्या क्लायंटसाठी लेबलांची अख्खी सिरीज केली होती, पाटा-वरवंटा, मिरच्या निवडणाऱ्या बायका, असं सगळं. पैसे लेबलांचे ठरले, लेबलांचे मिळाले. दिवाळीच्या खरेदीला वाशीत गेले तर तीच चित्रं कापडी पिशव्यांवर, मगवर, कॅलेंडरवर! फोन केला तर म्हणे मॅडम तुम्हाला पैसे दिले ना, मग चित्र आमचं. मग एका ओळखीच्या वकिलांकडे गेले. त्यांनी माझे ईमेल आणि इनव्हॉइस मागवले आणि अर्धा तास नुसते प्रश्न विचारले, की कुठे लिहिलंय कशासाठी, कुठे लिहिलंय किती वर्षं, सही कुणाची, आणि मी तिथे भांडायला गेलेली बाई भांडण विसरून ते प्रश्नच वहीत लिहून घेत बसले. घरी येऊन १९५७ चा कॉपीराइट ॲक्ट डाउनलोड केला. कलम १७ (पहिला मालक कोण), १९ (हक्क दुसऱ्याला देणं), ५७ (कलाकाराचे नैतिक हक्क) तीन-तीनदा वाचली. आता गेले काही महिने रात्री मुलगी झोपली की हेच चालू आहे. नवरा म्हणतो चांगलं पेन टॅबलेट आणि चांगला हात असताना काळा कोट कशाला.

तर विचारायचंय असं की या वयात एलएलबीला घेतात का, हजेरीचं काय करतात लोक, डिझाइनच्या अनुभवाला वकिलीत खरंच काही किंमत आहे की मुलाखतीत "वा, इंटरेस्टिंग" म्हणून सोडून देतात, आणि पेटंटमध्ये वगैरे मला काही करता येईल का. पैशांचंही स्पष्ट सांगा, गोड बोलू नका.

कटिंग_अद्रक

ताई, मसालेवाल्यावर स्वतःच केस करायची असेल तर गणित बघा, दावा लावायची मुदत तीन वर्षं आणि एलएलबीही तीन वर्षांचं. वकिलीची सनद हातात येईपर्यंत त्यांचे मग फुटून गेलेले असतील.

चेंदणीकर_वकील

कटिंगराव, चेष्टेत बोललात पण मुद्दा खरा आहे. रेषावेडीताई, तुमची केस आणि तुमचं करिअर या दोन वेगळ्या फायली ठेवा. केससाठी आत्ताच त्या वकिलांना धरा, इथे कोणी सल्ला देऊ नये आणि मीही देणार नाही. पण अभ्यास म्हणून तुमचाच प्रसंग घेतो, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

तुम्हाला वाटतंय की चित्र माझं, करार नाही, म्हणजे हक्क माझा. बरोबर, सुरुवात तिथूनच होते. नोकरीत नसलेल्या कलाकाराच्या कामाचा पहिला मालक कलाकारच, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, हे सगळं कलम १९ मध्ये आहे. पण आता समोरचा वकील काय करेल? तो आधी १७(बी) काढेल, की पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल तर पहिला मालक पैसे देणारा. मग तुम्ही म्हणणार हे पेंटिंग नाही, ड्रॉइंग आहे, कायद्याच्या व्याख्येत दोन्ही शब्द वेगळे दिलेत. तो म्हणणार टॅबलेटवर रंग भरलेत ना. मग तो कलम १५(२) काढेल, की जे चित्र वस्तूवर लावून डिझाइन म्हणून रजिस्टर करता आलं असतं पण केलं नाही, ते कारखान्यात पन्नासच्या वर वेळा छापलं की त्यातला कॉपीराइट संपतो. पण तेवढ्यावर ठरणार नाही, कारण मूळ चित्र वेगळं आणि मगवर लावलेलं डिझाइन वेगळं, आणि लेबल-कॅलेंडर हे डिझाइन ॲक्टखाली मुळात रजिस्टरच होत नाहीत. या वादावर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्सच्या निकालात दोन पायऱ्यांची कसोटी घालून दिली, ती केस गॅसच्या ट्रेलरच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगची होती पण तुमच्या मगालाही लागू.

हे वाचून तुम्हाला कंटाळा आला की मजा आली? याचं खरं उत्तर स्वतःला द्या. कारण वकिली म्हणजे हेच आहे, रोज, आणि बहुतेक वेळा चित्र तुमचं नसतं, क्लायंट मसालेवाला असतो. तुम्हाला दुसऱ्या बाजूनेही तितक्याच जोरात लिहावं लागेल. माझ्याकडे येणाऱ्या ज्युनियरांमध्ये अन्यायाचा राग घेऊन आलेले वर्षभरात गळतात, असल्या कलमांच्या कुस्त्या आवडणारे टिकतात.

वयाचं: आपल्याकडे सीईटी लॉला, म्हणजे एलएलबीच्या प्रवेश परीक्षेला, वरची वयोमर्यादा नाही. मध्ये बार कौन्सिलने (वकिलांची नियामक संस्था) तीस वर्षांची अट आणायचा प्रयत्न केला होता, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. खुल्या गटाला पदवीला ४५ टक्के लागतात. पेपर इंग्रजी-मराठी दोन्हीत येतो, निगेटिव्ह मार्किंग नाही. कॉलेजं भरपूर, आमच्या ठाण्यात चेंदणी बंदर रोडवर विद्या प्रसारक मंडळाचं टीएमसी लॉ कॉलेज, तुमच्या बाजूला बेलापूरला भारती विद्यापीठ, नेरूळला डी. वाय. पाटील. चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज (जीएलसी) मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण ऐरोलीहून रोजचा प्रवास आणि लहान मूल, विचार करा.

पेटंट विसरा. पेटंट एजंटच्या परीक्षेला सायन्स, इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची पदवी लागते, बीएफए चालत नाही. ट्रेडमार्क, कॉपीराइट आणि डिझाइन हीच तुमची जागा, आणि तिथे तुमच्या डोळ्याला किंमत आहे, ते उद्या सविस्तर लिहितो, आत्ता हिअरिंग आहे.

हार्बर_लाइन

मी हेच केलंय म्हणून लिहिते. नेरूळ. आधी जाहिरातीत कॉपीरायटर, मग चाळिशीच्या अलीकडे एलएलबी, आता एका मीडिया कंपनीत इन-हाउस लीगल.

पहिली गोष्ट हजेरी. लोक सांगतात कॉलेजला जावं लागत नाही, नुसती परीक्षा द्यायची. ते दिवस गेले. बार कौन्सिलचा नियम प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीचा आहे, युनिव्हर्सिटी ७५ म्हणते, आणि २०२४ मध्ये बार कौन्सिलने सर्क्युलर काढून बायोमेट्रिक हजेरी आणि नोकरी करत असाल तर कॉलेजला कळवा, हेही घातलंय. डिस्टन्स एलएलबीची सनदच मिळत नाही, असल्या जाहिरातींना भुलू नका. तुम्ही फ्रीलान्स आहात हा सगळ्यात मोठा फायदा, सकाळची बॅच असलेलं कॉलेज बघा, दुपारी काम. माझी तीन वर्षं कॉलेज, ठाणे-वाशी लोकल, स्वयंपाक आणि रात्री नोट्स अशीच गेली, सासूबाई होत्या म्हणून निभावलं, खोटं कशाला बोलू.

दुसरी गोष्ट, आणि ही कोणी सांगत नाही. आपली क्रिएटिव्ह माणसांची एक खोड असते, एकच शब्द पुन्हा वापरायचा नाही. कॉपी लिहिताना तर गुन्हाच तो. मी पहिला करार ड्राफ्ट केला त्यात एकदा "काम", मग "कलाकृती", मग "निर्मिती" असं छान वेगवेगळं लिहिलं होतं इंग्रजीत. सिनियर म्हणाले, तीन शब्द वापरलेस म्हणजे तीन वेगळ्या वस्तू झाल्या, उद्या कोर्टात समोरचा विचारेल तिसरी वस्तू कुठाय. तुझं इंग्रजी फार सुंदर आहे, ते आधी बंद कर. वर्ष लागलं मला ते सुंदर इंग्रजी बंद करायला. आणि मला त्याचं थोडं दुःख अजून आहे, चांगलं वाक्य सुचलं की ठेवायला जागा नाही.

पैसे. गोड बोलू नका म्हणालात म्हणून सांगते, आधी मी जे कमवत होते त्याच्या निम्म्याहून कमी पगारावर पुन्हा सुरुवात केली, आणि माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलगी मला फाइल कशी पंच करायची शिकवत होती. कोर्टाच्या वकिलांकडे ज्युनियर राहिलात तर स्टायपेंड म्हणजे पास आणि चहा निघाला तरी नशीब. फर्ममध्ये बरं असतं पण तिथे भरती चांगल्या कॉलेजच्या चोविशीतल्या पोरांची. आपण शिरतो ते मधल्या फटीतून, प्रॉडक्शन हाउस, म्युझिक लेबल, पब्लिशर, एजन्सी, जिथे धंदा कळणारा वकील हवा असतो. मला मुलाखतीत कायदा फारसा विचारलाच नाही, विचारलं की जिंगलचे राइट्स घेताना गीतकार आणि संगीतकाराचं काय करतेस. मी २०१२ च्या दुरुस्तीबद्दल बोलले, की आता त्यांचा रॉयल्टीचा हिस्सा लिहून घेऊनही काढून घेता येत नाही, आणि बरोबर हेही सांगितलं की प्रत्यक्षात एजन्सीत ते ब्रीफ कोण लिहितं आणि कोण विसरतं. हा दुसरा भाग दुसऱ्या कोणाला सांगता आला नसता.

आणि हो, इन-हाउस गेलात की सनद स्थगित करावी लागते, पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. कोट कपाटात.

शाईचे_डाग

थोडा उलटा सूर लावतो. मी इलस्ट्रेटर, घोडबंदर रोडला राहतो, माझंही असंच एकाने चित्र ढापलं होतं आणि मलाही चार महिने वकील व्हायचं होतं. झालो नाही. त्याऐवजी एक दोन पानी करार बनवून घेतला वकिलाकडून, त्यात कशावर छापणार, किती प्रती, किती वर्षं, कुठल्या देशात, आणि वाढीव वापराचा दर वेगळा. कुठल्याही क्लायंटला हा करार गेल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही. काही क्लायंट पळाले, पळू दे. उरलेल्यांकडून वाढीव वापराचे पैसे येतात. वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) डीएल-१०१ नावाचा फुकट ऑनलाइन कोर्स केला, भाषा सोपी आहे, तेवढं मला पुरलं.

ताई, तुमच्या धाग्यात तुम्ही लिहिलंय तुम्हाला काय आवडलं, पण चित्रं काढायला आता आवडत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. मग सोडायची का? आपल्याकडे कायदा कळणारे कलाकार इतके कमी आहेत की तुम्ही कलाकार राहूनच इतरांना शिकवलंत तरी मोठं काम होईल. वकील भरपूर आहेत हो, ठाणे कोर्टाबाहेर चालायला जागा नाही.

जीडी_आर्ट_वाला

मधेच घुसतो, सॉरी. माझं बीएफए नाही, जी.डी. आर्ट आहे, कमर्शियल. मला जमेल का एलएलबी? वय ४४.

हार्बर_लाइन

@जीडी_आर्ट_वाला, जी.डी. आर्ट हा डिप्लोमा आहे, पदवी नाही, त्यावर सीईटीचा फॉर्म भरलात तरी ॲडमिशनच्या वेळी अडेल. आमच्या बॅचला एक काका होते, त्यांनी आधी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए केलं आणि मग आले. फक्त बारावी रीतसर झालेली पाहिजे. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर बार कौन्सिल ती धरत नाही.

चेंदणीकर_वकील

काल अर्धं राहिलं होतं.

ट्रेडमार्कमध्ये डोळ्याची किंमत. आमच्याकडे दोन तऱ्हेचे मार्क, शब्दाचे आणि चित्राचे, ज्याला आम्ही डिव्हाइस मार्क म्हणतो. शब्दाचा सर्च कोणीही करतं, ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर टाइप केलं की सारखे वाटणारे येतात. चित्राचा सर्च हा वेगळा प्रकार. त्याला व्हिएन्ना कोड असतात, म्हणजे सिंह, सूर्य, बसलेली बाई, हातातलं पान, प्रत्येकाला नंबर. आता तुमचा लोगो सूर्य आहे की फूल आहे की चक्र? माझा ज्युनियर एकच कोड टाकतो आणि रिपोर्ट देतो "काही सापडलं नाही". डिझायनर असेल तर त्याला माहीत असतं की पाकळ्या टोकदार केल्या की तो सूर्य होतो, तो तिन्ही कोड बघेल. परवाच एका ठाण्याच्या फरसाणवाल्यांचा अर्ज असाच अडकला, समोरच्याचा मार्क कमळात नोंदलेला होता आणि आम्ही मोर शोधत बसलो होतो.

मग रजिस्ट्रीचा एक्झाम रिपोर्ट येतो, हरकत कलम ९ ची (मार्क वेगळा ओळखू येत नाही) की ११ ची (आधीच्या मार्कसारखा आहे), महिन्याभरात उत्तर. तिथे "आमचा लोगो वेगळा आहे" असं लिहून भागत नाही, कसा वेगळा ते सांगावं लागतं. आणि इथेच डिझायनर घसरतात, हे पण ऐका. तुम्हाला दोन लोगो शेजारी ठेवले की पन्नास फरक दिसणार, फॉन्ट वेगळा, स्ट्रोक वेगळा, रंग वेगळा. कोर्ट ते शेजारी ठेवून बघतच नाही. १९६२ चा अमृतधाराचा निकाल वाचा, अमृतधारा विरुद्ध लक्ष्मणधारा. कसोटी काय, तर सर्वसाधारण बुद्धीचा, अर्धवट आठवणारा गिऱ्हाईक. त्याला दुकानात उभं राहून काय आठवेल? म्हणजे तुमचा कमावलेला डोळा बाजूला ठेवून गिऱ्हाइकाच्या डोळ्याने बघायचं. जाहिरातीतल्या माणसाला ते जमतं, कारण गिऱ्हाइकाला काय आठवतं हाच तर त्याचा धंदा. फाइन आर्टवाल्याला जड जातं. तुम्ही पॅकेजिंगमधून येताय, तुम्हाला जमावं.

शाईचे_डाग यांचं म्हणणं मला पटतं, फक्त "वकील भरपूर आहेत" याला एक पुस्ती. भाडेकरू, चेक बाउन्स, मोटर ॲक्सिडेंटचे भरपूर आहेत. इलस्ट्रेटरचं इनव्हॉइस वाचून त्यात काय नाही ते सांगणारे हाताच्या बोटांवर.

रेषावेडी_ऐरोली

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. कलमांची कुस्ती वाचून कंटाळा नाही आला हो, उलट मी उठून क्रायोगॅसचा निकाल शोधला, नवऱ्याने जेवायला तीनदा हाक मारली.

शाईचे_डाग, तुमचा प्रश्न लागला. चित्रं आवडत नाहीत असं नाही. पण खरं सांगू का, गेली दोन-तीन वर्षं क्लायंट एआयने बनवलेलं चित्र पाठवतो आणि म्हणतो असंच पण थोडं वेगळं करून द्या, त्याने मन उडालंय. स्वतःसाठी काढायला अजून आवडतं.

म्हणून पुढचा प्रश्न, सनद घेतल्यावर स्टुडिओ चालू ठेवता येतो का? दोन्ही थोडं थोडं?

कटिंग_अद्रक

एआयपासून पळून वकिलीत जाताय? नोटिसा तर आता एआयच लिहितंय.

हार्बर_लाइन

कटिंग, लिहितंय खरं, आणि नसलेले निकाल पण लिहितंय. आमच्याकडे मागच्या महिन्यात एक नोटीस आली, त्यात दिलेला निकाल कुठल्याच रिपोर्टरमध्ये सापडेना. बाकी एआयमुळे आयपीत काम कमी नाही, वाढलंय. एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयवर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात दावा लावला, त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआयने नक्कल करायला मनाई केली. आमच्या प्रत्येक करारात आता आवाज आणि चेहऱ्याचं वेगळं कलम असतं आणि ते कोणीच अजून नीट लिहीत नाही. ज्याने डबिंग स्टुडिओ आतून पाहिलाय त्याला ते नीट लिहिता येईल.

चेंदणीकर_वकील

स्टुडिओचं. इथे बरेच जण फसतात म्हणून नीट वाचा. सनद असलेल्या वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत नियम ४७. स्लीपिंग पार्टनर राहता येतं, तेही बार कौन्सिलला तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला धरून वाटला तर. वडिलोपार्जित धंद्यात हिस्सा असेल तर चालतं, पण स्वतः गल्ल्यावर बसायचं नाही. म्हणजे क्लायंट घेऊन पॅकेजिंग करून देणारा स्टुडिओ तुमच्या नावावर नको. नियम ५१ मध्ये पत्रकारिता, प्रसारण, शिकवणं, कायद्याची पुस्तकं संपादित करणं याला मोकळीक आहे. स्वतःच्या पुस्तकासाठी चित्रं काढलीत, कॉलेजात शिकवलंत, तर मला त्यात अडचण दिसत नाही, पण जीएसटी नंबर घेऊन मसाल्यांची लेबलं, नाही. शिवाय वकिलाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळे आत्ता तुमचं इन्स्टाग्राम जसं चालतं तसं वकिलीचं चालवता येणार नाही. क्रिएटिव्ह माणसाला हा सगळ्यात मोठा धक्का असतो, काम दाखवायचंच नाही.

पण एक वाट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. ट्रेडमार्क एजंट. त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते, बीएफए सुद्धा, एलएलबी लागत नाही. परीक्षा असते, दरवर्षी नेमाने होत नाही, रजिस्ट्रीच्या साइटवर डोळा ठेवावा लागतो. पास झालात की अर्ज करणं, रिपोर्टला उत्तर देणं, रजिस्ट्रीपुढे हिअरिंग करणं हे सगळं येतं, फक्त कोर्टात उभं राहता येत नाही. आणि एजंट वकील नसल्याने तो नियम ४७ तुम्हाला लागत नाही. रजिस्ट्री अँटॉप हिलला आहे, हार्बरने जीटीबी नगरला उतरायचं, पण हिअरिंग आता व्हिडिओवर होतात, त्यामुळे ऐरोलीहून लॅपटॉपवर सगळं चालेल. धंद्याचा अंदाज हवा असेल तर सरकारी फी एका वर्गासाठी व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला ४५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९०००, एजंटची फी त्यावर वेगळी. लोगो डिझाइन करणारीनेच तो नोंदवून दिला तर क्लायंटला दोन माणसं शोधावी लागत नाहीत. फक्त तुम्हीच काढलेल्या लोगोचे हक्क आधी लेखी क्लायंटच्या नावावर करा, नाहीतर तुमच्याच अर्जात तुमचाच घोटाळा.

शाईचे_डाग

हे एजंटचं मला माहीतच नव्हतं. चेंदणीकर साहेब, परीक्षा निघाली तर इथे टाका प्लीज, मी पण बसेन म्हणतो.

हार्बर_लाइन

एजंटची वाट चांगली आहे पण एक सांगते, त्यात फक्त ट्रेडमार्क. रेषावेडी, तुम्ही ज्याने भारावलात ते कलम १७, १९, ५७ आहे, म्हणजे कॉपीराइट आणि करार. अमरनाथ सहगल यांची केस वाचली असेलच, विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं म्युरल काढून गोदामात टाकलं होतं, २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्युरलचे अवशेष परत द्यायला लावले आणि पाच लाख भरपाई दिली, सरकारकडे मालकी असून. असल्या केसमध्ये उभं राहायचं असेल तर सनद हवीच. ती हौस किती खरी आहे ते बघायचं असेल तर फॉर्म भरायच्या आधी सहा महिने एखाद्या आयपी वकिलाकडे पॅरालीगल म्हणून अर्धवेळ बसा. डॉकेट (केसच्या तारखांची नोंद) भरणं, युजर ॲफिडेव्हिटला (मार्क कधीपासून वापरतोय याचं प्रतिज्ञापत्र) जोडायला जुनी बिलं शोधणं, जर्नल बघणं. दर सोमवारी ट्रेडमार्क जर्नल येतं, आपल्या क्लायंटसारखा कोणाचा मार्क छापून आलाय का ते बघत बसायचं, आला तर चार महिन्यांत ऑपोझिशन, म्हणजे हरकत. हजारो छोटी छोटी चित्रं. मला ते असह्य व्हायचं, माझी मैत्रीण त्यातच रमली.

सनदीचा खर्च मात्र आता कमी झालाय, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बार कौन्सिलने एनरोलमेंटला ७५० च्या वर घ्यायचे नाहीत. नंतर एआयबीई ही बार कौन्सिलची परीक्षा पास व्हावी लागते, तिला नोट्स नसलेले बेअर ॲक्ट (कायद्याची नुसती पुस्तकं) नेता येतात, अवघड नाही.

रेषावेडी_ऐरोली

जर्नलचं वाचून आत्ताच साइट उघडली आणि तासभर त्यातच गेला. एक कोंबडा छाप बघितला, इतका वाईट काढलाय की विचारू नका, पण आठवणीत राहतोय, मग मार्क म्हणून चांगलाच म्हणायचा का?

असं ठरवतेय. या वर्षी नवीन क्लायंट घेणार नाही, जुन्यांचं काम चालू, आणि अर्धवेळ कुठेतरी बसायचं. सीईटीचा फॉर्म निघाला की भरणार, परीक्षा देऊन तर ठेवते, ॲडमिशन घ्यायची की नाही ते तेव्हा बघू. एजंटची परीक्षा आधी निघाली तर ती. मसालेवाल्यांना वकिलांनी नोटीस पाठवली आहे, त्यांनी मेडिएशनला बसायची तयारी दाखवली आहे, त्यावर इथे जास्त लिहीत नाही. चेंदणीकर साहेब, तुमच्याकडे पॅरालीगलची जागा आहे का हे विचारायला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.

चेंदणीकर_वकील

बघितला. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी अकरा ते तीन, शाळेच्या वेळेत बसेल. पैसे फार नाहीत, आधीच सांगतो. येताना तुमचा दोन पानी करार नसेल तर शाईचे_डाग यांच्याकडून मागून आणा, पहिल्या दिवशी आपण तोच फाडू, मला त्यात वाढीव वापराच्या कलमाबद्दल शंका आहे. आणि कोंबडा, हो, चांगला मार्क.

शाईचे_डाग

अहो, फाडू काय! चांगला चाललाय तो.

जीडी_आर्ट_वाला

मुक्त विद्यापीठाचे बीएचे फॉर्म कधी सुटतात, कोणाला माहीत आहे का?

हार्बर_लाइन

साधारण जून-जुलैत, त्यांच्या साइटवरच भरायचा. बारावीची मार्कशीट काढून ठेवा, नाव आधारशी जुळतंय का ते आत्ताच बघा.